वर्गणी, कार्ड आणि संमती : दरमहा आपोआप जाणाऱ्या पैशाचा भारतीय इतिहास

१/
६ जानेवारी २०१६. लास व्हेगास येथील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या वार्षिक प्रदर्शनात नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी घोषणा केली, की त्यांची सेवा आणखी १३० हून अधिक देशांत त्याच दिवशी सुरू होत आहे. त्यांत भारत होता. दर महिन्याला ५००, ६५० आणि ८०० रुपये असे तीन दर ठरले होते आणि पहिला महिना विनामूल्य होता. अट एकच : आरंभीच पैसे देण्याचे साधन, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत कार्ड, नोंदवायचे.

२/
याच टप्प्यावर असंख्य भारतीय खातेदार अडले. खात्यात पैसे होते, हातात बँकेने दिलेले कार्ड होते, त्याच कार्डाने एटीएममधून रोख निघत होती आणि रेल्वेचे तिकीटही निघत होते. तरीही पडद्यावर उत्तर येई : कार्ड स्वीकारता येत नाही. हा यंत्राचा बिघाड नव्हता. त्यामागे अनेक दशकांचा इतिहास होता आणि त्यातील बहुतेक निर्णय मुंबईत, रिझर्व्ह बँकेच्या मुख्यालयात झालेले होते.

३/
त्या इतिहासाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. ग्राहकाने एकदा ‘हो’ म्हटले, तर तो होकार किती काळ टिकतो? पुढच्या महिन्याचे पैसे घेताना त्याला पुन्हा विचारावे लागते, की पहिल्या होकारावरच काम भागते? अमेरिकेने या प्रश्नाचे एक उत्तर दिले, भारताने दुसरे. नेटफ्लिक्सच्या पानावर २०१६ मध्ये ही दोन उत्तरे एकमेकांवर आदळली.

४/
प्रथम कार्डाच्या आधीची व्यवस्था पाहू. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये व्हीपीपी, म्हणजे वस्तू घरपोच करून तिची किंमत तिथेच वसूल करण्याची सोय, आणि १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू केली. पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, ‘केसरी’ निघाला. मराठी नियतकालिकांचा विस्तार आणि टपालाने पैसे पाठवण्याची सोय या दोन्ही गोष्टी अशा हातात हात घालून वाढल्या. गावोगावच्या वर्गणीदाराला पुण्या-मुंबईच्या कचेरीत येण्याची गरज उरली नाही.

५/
या वर्गणीचा स्वभाव लक्षात घेण्याजोगा आहे. वर्ष संपत आले की कार्यालयाकडून ‘आपली वर्गणी संपली आहे’ अशी सूचना येई. वर्गणीदार पोस्टात जाऊन मनीऑर्डर करी, किंवा व्हीपीपीने आलेला अंक पैसे देऊन सोडवून घेई. त्याने काहीच केले नाही, तर अंक येणे थांबे. पैसा प्रत्येक वेळी देणाऱ्याच्या हातून निघे. मौनाचा अर्थ नकार असे.

६/
कार्डाने हा क्रम उलटवला. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे ६० हजार कार्डे लोकांनी मागितलेली नसतानाही टपालाने घरोघर पाठवली. तेच पुढे व्हिसा या नावाने जगभर पोहोचले. कार्डाचा क्रमांक विक्रेत्याला कळला, की पैसे ओढून घेण्याची क्रिया विक्रेत्याच्या बाजूने सुरू होऊ लागली. देणाऱ्याने पाठवायचे हा नियम जाऊन घेणाऱ्याने मागायचे हा नियम आला.

७/
साहजिकच गैरव्यवहार वाढले. त्यावर अमेरिकेने १९७० च्या दशकात कायद्याने उपाय केला. न मागितलेली कार्डे पाठवण्यास बंदी आली, गैरवापर झाल्यास ग्राहकावरील जबाबदारी ५० डॉलरपर्यंत मर्यादित झाली आणि चुकीच्या आकारणीविरुद्ध दाद मागण्याची रीत ठरली. थोडक्यात, पैसे आधी जाऊ द्यावेत आणि ते चुकीचे गेले असतील तर मागाहून परत मिळवावेत, हे अमेरिकेचे उत्तर होते. दरमहा आपोआप नूतनीकरण होणाऱ्या सेवा याच पायावर उभ्या राहिल्या.

८/
भारतात कार्ड आले ते मूठभरांसाठी. १९६१ मध्ये काली मोदी यांनी डायनर्स क्लब भारतात आणला. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये स्वतःचे क्रेडिट कार्ड काढले. पहिले एटीएम १९८७ मध्ये मुंबईत, एचएसबीसी बँकेने बसवले. त्या काळात परकीय चलनावर १९७३ च्या फेरा कायद्याचा कडक अंमल होता. सामान्य माणसाने घरबसल्या परदेशी कंपनीला पैसे देणे ही कल्पनाच त्या चौकटीत बसत नव्हती.

९/
चित्र पालटले ते १९९१ नंतर. फेराच्या जागी आलेला फेमा कायदा १ जून २००० पासून लागू झाला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने निवासी भारतीयांना वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतची रक्कम परदेशी पाठवण्याची मुभा दिली आणि ही मर्यादा पुढे अनेकदा वाढली. कायद्याचे दार उघडले. परंतु दारातून जाण्यासाठी जे कार्ड लागत होते ते सर्वांकडे नव्हते.

१०/
मार्च २०१६ च्या सुमारास देशात क्रेडिट कार्डे सुमारे अडीच कोटी होती, तर डेबिट कार्डे ६० कोटींहून अधिक. म्हणजे भारतीयाच्या खिशातले ‘बँकेचे कार्ड’ हे बहुतांशी डेबिट कार्डच होते. या दोहोंतील फरक केवळ नावाचा नाही. क्रेडिट कार्डावर चुकीची रक्कम लागली तर ती आधी बिलात दिसते, म्हणजे बँकेचे पैसे अडकतात. डेबिट कार्डावर ती लागली तर बचत खात्यातील शिल्लक त्याच क्षणी कमी होते. पगाराच्या किंवा पेन्शनच्या पैशातून गेलेले ते पैसे परत येईपर्यंत घरखर्च थांबत नाही.

११/
ही जाणीव रिझर्व्ह बँकेच्या १८ फेब्रुवारी २००९ च्या परिपत्रकात दिसते. १ ऑगस्ट २००९ पासून, कार्ड समोर नसताना होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांत, कार्डावर छापलेल्या माहितीपलीकडची आणखी एक पडताळणी बँकांनी करावी, असा तो आदेश होता. कार्डावर जे दिसते ते कोणीही टिपून घेऊ शकतो. म्हणून जे कार्डावर दिसत नाही, असे काहीतरी ग्राहकाने सांगितले पाहिजे, हा त्यामागचा विचार.

१२/
आरंभी ही दुसरी पडताळणी म्हणजे ग्राहकाने स्वतः ठरवलेला एक संकेतशब्द असे. मोबाइल घरोघर पोहोचला तशी तिची जागा ओटीपीने, म्हणजे एकदाच वापरता येणाऱ्या आणि काही मिनिटांत बाद होणाऱ्या अंकांनी घेतली. मोठ्या प्रमाणावर ही सक्ती करणाऱ्या आरंभीच्या देशांत भारत होता. प्रत्येक व्यवहाराला प्रत्येक वेळी वेगळा होकार, हे भारताचे उत्तर ठरले.

१३/
या उत्तरातच पुढची अडचण दडलेली होती. ओटीपीसाठी माणूस हजर असावा लागतो. मासिक सदस्यत्वाची आकारणी मात्र माणसाच्या गैरहजेरीतच व्हायची असते. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कंपनीचे यंत्र रक्कम मागते, तेव्हा ग्राहक झोपेत असेल, कामात असेल किंवा गावाला गेलेला असेल. त्या क्षणी ओटीपी कोण भरणार? नियम शब्दशः पाळला तर आपोआप होणारी आकारणी अशक्य. ती होऊ द्यायची तर नियमाला कुठेतरी वळसा घालावा लागणार.

१४/
तो वळसा परदेशातून जात होता. रिझर्व्ह बँकेचा आदेश भारतीय बँकांना बांधून होता. परदेशी बँकेमार्फत रक्कम मागणाऱ्या परदेशी विक्रेत्याला तो बांधत नव्हता. त्यामुळे आंतरराष्ट्रीय वापराची सोय असलेले भारतीय क्रेडिट कार्ड अशा विक्रेत्याकडे ओटीपीविना चालत असे. अॅप टॅक्सीची सेवा पुरवणाऱ्या उबरने भारतात आरंभी हीच वाट धरली. प्रवास बंगळूरुत किंवा मुंबईत, प्रवासी भारतीय, चालक भारतीय, पण पैशाचा हिशेब परदेशी मार्गाने.

१५/
स्थानिक टॅक्सी व्यावसायिकांनी याविरुद्ध तक्रार केली. २२ ऑगस्ट २०१४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले, की भारतीय कार्डाने देशातच पुरवलेल्या वस्तू वा सेवेचे पैसे दिले जात असतील, तर तो व्यवहार भारतातील बँकेमार्फत आणि भारतीय चलनातच झाला पाहिजे. ३१ ऑक्टोबर २०१४ ही अखेरची मुदत ठरली. उबरला पेटीएमच्या वॉलेटचा आधार घ्यावा लागला. ‘प्रवास संपला की पैसे आपोआप’ ही तिची ओळख भारतात काही काळ पुसली गेली.

१६/
दुसरे कुंपण याआधीच पडले होते. २८ फेब्रुवारी २०१३ च्या सूचनांनुसार नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठीच द्यायची होती. आंतरराष्ट्रीय वापर हवा असेल तर ग्राहकाने तो स्वतः मागायचा. परदेशात कार्डाची नक्कल करून भारतीय खात्यांतून पैसे काढले जाण्याचा धोका होता, त्यावरचा हा उपाय. अमेरिकेने १९५८ मध्ये न मागता कार्ड दिले होते, भारताने मागितल्याशिवाय परदेशाचे दार उघडायचे नाही असे ठरवले.

१७/
तिसरा धागा रुपे कार्डाचा. पूर्वी व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून जाणाऱ्या व्यवहाराचे शुल्क त्या परदेशी कंपन्यांना द्यावे लागे, मग खरेदी कोल्हापुरातल्या दुकानात कोल्हापुरातल्याच बँकेच्या कार्डाने झालेली असो. ग्रामीण आणि सहकारी बँकांना हा भार जड होता. २००७ च्या कायद्याने देयक व्यवस्थांवर रिझर्व्ह बँकेला स्पष्ट अधिकार मिळाले, २००८ च्या डिसेंबरात मुंबईत भारतीय राष्ट्रीय देयक निगम, म्हणजे एनपीसीआय, स्थापन झाले आणि त्याने मार्च २०१२ मध्ये रुपे कार्ड आणले. ८ मे २०१४ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी ते राष्ट्राला अर्पण केले.

१८/
२८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या जनधन योजनेने रुपे कार्ड खेड्यापाड्यांत नेले. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकांचे दाट जाळे आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या खातेदारांना एटीएम कार्ड मिळणे रुपेमुळे सुकर झाले. हे यश मोठे होते. पण हे कार्ड रोख काढण्यासाठी, अनुदान मिळवण्यासाठी आणि दुकानातील खरेदीसाठी घडवलेले होते. परदेशी कंपनीच्या मासिक सेवेचा विचार त्याच्या रचनेत नव्हता आणि परदेशी संकेतस्थळांवरही व्हिसा-मास्टरकार्डच्या शेजारी रुपेचे नाव असेलच, याची खात्री नसे.

१९/
आता पुन्हा जानेवारी २०१६ कडे पाहिले म्हणजे ते नाकारलेले कार्ड उलगडते. ते बहुधा डेबिट कार्ड होते, परदेशी वापरासाठी बंद होते, ओटीपीशिवाय चालत नव्हते आणि कदाचित परदेशी कंपनीला अपरिचित अशा जाळ्यातले होते. यांतील प्रत्येक अडसर खातेदाराच्या भल्यासाठी घातलेला होता. परिणाम मात्र असा, की मोठ्या पगाराच्या आणि आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डाच्या ग्राहकाला ही सेवा एका टिचकीसरशी मिळे, आणि ज्याचा सगळा आर्थिक व्यवहार एका स्थानिक बँकेच्या डेबिट कार्डावर होता त्याला, तेवढेच पैसे द्यायची तयारी असूनही, दारातून परतावे लागे. संरक्षण सर्वाधिक असलेला माणूसच बाहेर राहिला.

२०/
लोकांनी आणि कंपन्यांनी मार्ग काढले. घरात एकाचे क्रेडिट कार्ड आणि त्यावर सगळ्या नातलगांचे खाते, हा सर्वांत सोपा मार्ग. कंपन्यांनी जुन्या वर्गणीचेच तत्त्व उचलले : महिन्याऐवजी वर्षाचे पैसे एकदाच घ्यायचे. ॲमेझॉनचे प्राइम सदस्यत्व २०१६ मध्ये वर्षाला ४९९ रुपये अशा प्रारंभिक दराने आले, हॉटस्टारने २०१९ मध्ये वर्षाला ३६५ रुपयांची योजना काढली. वर्षातून एक व्यवहार म्हणजे वर्षातून एक ओटीपी. स्थानिक डेबिट कार्डाला हे सहज जमत होते. शिवाय दूरसंचार कंपन्या रिचार्ज किंवा बिलातच अशा सेवा जोडून देऊ लागल्या, म्हणजे कार्डाचा प्रश्नच मिटला.

२१/
दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. जिथे कार्ड ओटीपीविना चालत होते, तिथे वेगळे दुखणे होते. विनामूल्य महिना संपल्याचे ध्यानात न राहता दरमहा रक्कम जात राहणे, सदस्यत्व घेणे एका टिचकीचे आणि सोडणे दहा पानांचे असणे, हा जगभरातल्या ग्राहकांचा अनुभव आहे. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत नमूद केलेल्या १३ प्रकारांमध्ये ‘सदस्यत्वाचा सापळा’ हा एक स्वतंत्र प्रकार आहे. कुंपणाबाहेर राहिलेल्यांना करमणूक मिळाली नाही, हे जितके खरे, तितकेच कुंपणाने त्यांना या सापळ्यापासून वाचवले, हेही खरे.

२२/
या दोन टोकांमधला मार्ग रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकात आखला. त्याला ई-मॅन्डेट म्हणतात. आवर्ती देयकासाठी प्रथम नोंदणी करताना दुसरी पडताळणी, म्हणजे ओटीपी, सक्तीची. त्यानंतर दर वेळी ती लागणार नाही, पण रक्कम घेण्यापूर्वी किमान २४ तास बँकेने ग्राहकाला सूचना दिली पाहिजे. त्या सूचनेत कोण, किती आणि केव्हा घेणार हे असले पाहिजे. तो व्यवहार किंवा सगळी परवानगीच रद्द करण्याची सोयही दिली पाहिजे. मर्यादा आरंभी २ हजार रुपये होती, १ जानेवारी २०२१ पासून ती ५ हजार झाली.

२३/
कागदावर स्वच्छ दिसणारी ही व्यवस्था प्रत्यक्षात आणणे कठीण गेले. प्रत्येक बँक, प्रत्येक कार्ड जाळे आणि प्रत्येक विक्रेता यांच्या यंत्रणा एकमेकींशी जोडल्या जायला हव्या होत्या. आधी कोणी खर्च करायचा, हा प्रश्न होता. बँका विक्रेत्यांची वाट पाहत राहिल्या, विक्रेते बँकांची. ३१ मार्च २०२१ ही मुदत होती आणि त्यानंतर नियमात न बसणारे देशी वा परदेशी असे कोणतेही आवर्ती व्यवहार चालणार नव्हते. त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने नाराजी व्यक्त करीत ३० सप्टेंबरपर्यंत मुदतवाढ दिली.

२४/
परदेशी मार्गाचा जुना वळसा आता बंद होत होता. ॲमेझॉनने २०२१ मध्ये भारतातील प्राइमचे मासिक सदस्यत्व आणि विनामूल्य चाचणी काही काळ थांबवली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी नियम लागू झाला आणि देशभर नियमित देयके अडकू लागली. यात करमणुकीच्या सेवा होत्या, तशीच वृत्तपत्रांची डिजिटल वर्गणी आणि सामाजिक संस्थांना दरमहा जाणाऱ्या देणग्याही होत्या. देणगीदाराची इच्छा बदललेली नव्हती. त्याने वर्षांपूर्वी दिलेला होकार नव्या नियमाला पुरेसा वाटत नव्हता, इतकेच. ॲपलने तर २०२२ मध्ये भारतात आपल्या खात्यासाठी कार्डे घेणेच बंद केले.

२५/
याच काळात कार्डाच्या दुनियेत आणखी दोन घडामोडी झाल्या. भारतीय व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी, हा ६ एप्रिल २०१८ चा आदेश न पाळल्यामुळे २२ जुलै २०२१ पासून मास्टरकार्डला नवे भारतीय ग्राहक घेण्यास मनाई झाली. ती जून २०२२ मध्ये उठली. आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना कार्डाचा खरा क्रमांक आपल्याकडे जपून ठेवता येईना. त्याजागी प्रत्येक विक्रेत्यासाठी वेगळा, इतरत्र निरुपयोगी असा पर्यायी क्रमांक वापरायचे ठरले. १९५८ पासून कार्डाचा क्रमांक हीच विक्रेत्याच्या हातातली किल्ली होती. भारताने ती काढून घेतली.

२६/
गाडी पुन्हा रुळावर आली ती बरीचशी यूपीआयमुळे. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते २१ बँकांसह यूपीआयचा प्रायोगिक आरंभ झाला होता. जुलै २०२० मध्ये एनपीसीआयने त्यावर ‘ऑटोपे’ची सोय आणली : ग्राहक आपल्या मोबाइलवरील ॲपमध्ये पिन टाकून एकदा परवानगी देतो आणि त्याच ॲपमध्ये ती थांबवूही शकतो. नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये हा मार्ग भारतात स्वीकारला. त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्याने दर उतरवले : मोबाइलपुरती योजना १९९ वरून १४९ रुपये, आणि मूळ योजना ४९९ वरून १९९ रुपये.

२७/
स्वस्त दर आणि सोपे देयक, दोन्ही एकाच वर्षी यावेत यात नवल नाही. आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड असणाऱ्यांपुरतीच बाजारपेठ असताना दर त्यांच्या ऐपतीने ठरतो. सहकारी बँकेतला खातेदारही ग्राहक होऊ शकतो, असे दिसले की दराचाही फेरविचार करावा लागतो. स्थानिक स्पर्धा आणि स्वस्त मोबाइल डेटा ही कारणे होतीच, पण पैसे घेण्याचा मार्गच नसता तर त्या कारणांना अर्थ उरला नसता. जून २०२२ मध्ये ई-मॅन्डेटची मर्यादा १५ हजार रुपये झाली आणि घरगुती सदस्यत्वांचा प्रश्न जवळपास सुटला.

२८/
परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना हाच प्रश्न आरशातल्यासारखा उलटा दिसतो. भारतीय बँकेचे कार्ड सोबत असले, तरी त्याचा ओटीपी भारतीय मोबाइल क्रमांकावर येतो आणि तो क्रमांक तिकडे चालू ठेवावा लागतो. तिकडच्या बँकेचे कार्ड मिळाले, तरी ते भारतीय पैसे-स्वीकृती यंत्रणेत चालेलच असे नाही, कारण कोणत्या देशाच्या कार्डाला कोणती पडताळणी लागू, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. गाणे आणि चित्रपट सीमा ओलांडून जातात. पैसे देण्याची परवानगी मात्र अजून ज्या त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या अंगणातच राहते.

२९/
हा सगळा प्रवास करमणुकीच्या हट्टाचा वाटू शकतो, पण त्यात पणाला लागलेली गोष्ट क्षुल्लक नाही. आपल्या खात्यातून आपल्या गैरहजेरीत पैसे काढण्याचा अधिकार कोणाला, किती काळासाठी आणि कोणत्या अटींवर द्यायचा, हा तो प्रश्न आहे. अमेरिकेने विक्रेत्यावर विश्वास ठेवला आणि तक्रारीची सोय केली. भारताने आधी अविश्वास ठेवला, त्यापायी अनेकांना ताटकळत ठेवले, आणि मग एकदाची पक्की परवानगी व प्रत्येक वेळची पूर्वसूचना यांची सांगड घातली. अनधिकृत व्यवहारांच्या बाबतीत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारे परिपत्रक भारतात ६ जुलै २०१७ रोजी, म्हणजे ओटीपीच्या सक्तीनंतर आठ वर्षांनी आले. अमेरिकेत जे आरंभी आले, ते इथे शेवटाकडे आले.

३०/
आज महिन्याच्या ठरावीक तारखेच्या आदल्या दिवशी कोट्यवधी मोबाइलवर बँकेचा संदेश येतो : अमुक सेवेसाठी इतकी रक्कम उद्या आपल्या खात्यातून वळती होईल. वर्गणी संपल्याची सूचना देणाऱ्या जुन्या चिठ्ठीचा तो वंशज आहे. दोहोंत फरक एकच आहे. त्या चिठ्ठीला उत्तर दिले नाही तर अंक बंद होई. या संदेशाला उत्तर दिले नाही तर पैसे जातात. मौनाचा अर्थ नकारावरून होकारावर आला आहे. ओटीपीच्या काळात त्या होकाराला जो अडसर होता, त्याची जागा आता त्या एका संदेशाने घेतली आहे. म्हणून तो न वाचता पुसून टाकण्यासारखा नाही.